मार्थाबाई कड्या काढतात

गेल्या महिन्यात अमरावतीहून एका चर्चच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांची माझी ओळख नाही. नंबर कुठून मिळवला तेही त्यांनी सांगितलं नाही. दबक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या अकोल्याच्या एक बाई आमच्या मंडळीत आल्या आहेत. मार्था वानखडे. दुसऱ्याच रविवारी त्यांनी संडे स्कूलच्या खोलीची आतली कडी काढून माझ्या हातात ठेवली. बाई कशा आहेत, जरा सांगता का?"

मी म्हटलं, "बाई चांगल्या आहेत. कडी परत लावू नका, त्या पुन्हा काढतील."

फोन ठेवला आणि एकटाच हसत बसलो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं म्हणून. म्हटलं, मार्थाबाई अमरावतीत सुरू झाल्या. तीही हसली. बाई लेकीकडे राहायला गेल्यापासून अकोल्यात करमत नाही, हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नाही एवढंच.

मार्थाबाई एसटीच्या रिटायर्ड कंडक्टर. नवरा एसटीतच ड्रायव्हर होता. तो अचानक गेला, पदरात एक लेक, आणि अनुकंपेवर बाईंना नोकरी लागली. पुढची सगळी वर्षं अकोला-अकोट नाहीतर अकोला-अमरावती, गळ्यात बॅग अडकवून उभ्यानं काढली. रिटायर झाल्यावर बॅग जमा केली, पण कंडक्टरकी काही जमा केली नाही. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, अगदी कडेला बसायच्या. येणारा-जाणारा त्यांच्या नजरेखालून जायचा. बोटांच्या पेरांवर माणसं मोजायच्या. पाळकसाहेब प्रार्थनेला डोळे मिटायला सांगायचे तेव्हा अख्खी मंडळी डोळे मिटायची, बाई उघडे ठेवायच्या. मला हे कसं कळलं ते विचारू नका. एकदा मी त्यांना त्याबद्दल टोकलं तर म्हणाल्या, "साऱ्याइनं डोये मिटले तं गाडी कोन पाहीन?"

दुसरी सवय म्हणजे एसटीच्या घंटीसारखं टेबल वाजवायची. एक टक, म्हणजे थांबा. दोन टक, म्हणजे निघा, विषय संपला. आमच्या कमिटीच्या मीटिंगा पूर्वी दोन-दोन तास चालायच्या आणि त्यातला दीड तास मागच्या नाताळच्या जेवणात भाजी कमी का पडली यावर जायचा. बाई आल्यापासून पाऊण तासात आम्ही चहा-आलुबोंड्यावर यायला लागलो. हा एक फायदा मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

त्या कमिटीत आल्या त्याची गोष्ट मात्र आमच्या अंगलट येणारी आहे. वरच्या कार्यालयाकडून कागद आला होता की प्रत्येक चर्चनं मुलांच्या सुरक्षेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, नियम करावेत आणि ते पाळावेत. आम्ही आठ जणांनी कागद वाचला आणि आठही जणांना एकच वाटलं, हे आपल्यासाठी नाही. अशा गोष्टी मोठ्या शहरात होतात. आपल्याकडे सगळे घरचेच लोक. तरी कागदावर नाव तर पाहिजे. कोणीतरी म्हणालं, मार्थाबाईंचं टाका, नाहीतरी दिवसभर घरीच असतात. मी कमिटीचा सेक्रेटरी, मी टाकलं. सुवाच्य अक्षरात.

बाईंनी कागदाची झेरॉक्स मागितली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्याकडे झेरॉक्स कोणी मागत नाही.

पुढच्या रविवारी त्या पर्समध्ये पेचकस घेऊन आल्या. उपासना सुरू व्हायच्या आधी संडे स्कूलच्या दोन खोल्या, स्टोअर आणि वाद्यांची खोली, सगळ्यांच्या आतल्या कड्या उतरवल्या. मग पाळकसाहेबांच्या ऑफिसाकडे वळल्या. पाळकसाहेब सज्जन माणूस, पण भिडस्त. ते म्हणाले, "बाई, इथं लोक मनातलं बोलायला येतात. खासगी असतं."

"मंग बोला ना खासगी," बाई म्हणाल्या. "ऐकू नाही आलं तं चालते. दिसलं पायजे. या दाराले काच बसवा."

काच काही त्या वेळी बसली नाही. साहेबांनी कडी तेवढी काढू दिली, आणि मग आठवडाभर दाराला खुर्ची लावून बसत होते, वाऱ्यानं आपटतं म्हणून.

माझी आणि त्यांची जुंपली ती मे महिन्यात. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन ज्यानं खाल्लंय त्यालाच माहीत. संडे स्कूल सुटलं होतं, ओळखीच्या घरातली एक आठ-नऊ वर्षांची पोर रिक्षाची वाट बघत उभी होती. तिचं घर माझ्याच गल्लीत. मी तिला म्हटलं, बस गं स्कूटरवर. ती बसली. बाईंनी येऊन हँडल धरलं.

"एकट्या पोरीले गाडीवर नेता येत नाही, भाऊ. तिच्या मायले फोन लावा, नाहीतं संगं कोनी घ्या."

मी आधी हसलो. मग त्या हसत नाहीयेत हे लक्षात आलं. चारचौघं बघत होते. मी म्हटलं, "बाई, या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी होतो. माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही."

"मग?"

"तुमच्यासाठी मोडला तं उद्या दुसऱ्यासाठी मोडा लागते. अन तो दुसरा कोन राहीन हे मले मालूम नाही. तुमाले हाये का?"

पोरीच्या आईला फोन लावला. ती येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही तिघं कडुनिंबाखाली उभे होतो. पोरगी खुशीत होती, कारण बाईंच्या पर्समध्ये पेचकसाशेजारी लिमलेटच्या गोळ्या असायच्या. मी मात्र पुढचे तीन रविवार बाईंशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

राग उतरल्यावर एकदा मीच विचारलं, हे एवढं कुठून आलं तुमच्यात. त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "सकाळच्या गाडीत शायेच्या पोरी राहायच्या. गर्दीत कोनाचा हात कुठं जाते, समजत नाही. पोरी रडकुंडीले यायच्या. मी पह्यलं भांडून पाह्यलं. ज्याच्याशी भांडा तो म्हने मी नाही. मंग मी पोरीइची जागाच बदलली. साऱ्या माह्या सीटपाशी. माणूस ओयखता येत नाही, भाऊ. जागा बदलता येते." एवढं बोलून त्यांनी चहा पिऊन टाकला.

त्या संडे स्कूलमध्ये पोरांना एक वाक्य शिकवायच्या. वचन पाठ नसलं तरी चालेल, पण हे वाक्य पाठ पाहिजे. "मले हे आवडत नाही. मी घरी सांगीन." दर रविवारी, सगळ्यांनी उभं राहून, मोठ्यानं. या वाक्यानं आमच्या चर्चमध्ये काय हाहाकार उडवला म्हणता. आमचे सर्वांत वडीलधारे दादासाहेब, नाताळच्या दिवशी फाटकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पोराचा गाल पिळून एक चॉकलेट द्यायचे. तीस-चाळीस वर्षांची परंपरा. माझ्या मुलांचे गालही त्यातून गेलेत. त्या वर्षी एका पाच वर्षांच्या चिमुरडीनं मागं सरून सांगितलं, "मले हे आवडत नाही. मी घरी सांगीन." दादासाहेबांचा हात हवेतच राहिला. बाई मागून म्हणाल्या, "दादासाहेब, चॉकलेट द्या, गाल ठेवा." म्हातारा मनानं मोठा. त्या वर्षापासून गाल बंद झाले आणि चॉकलेटं दोन झाली.

त्याच्या पुढची मजा म्हणजे एका रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन तासाच्या वर गेलं, तेव्हा पुढच्या बाकावरचा एक टिल्लू उभा राहिला आणि त्यानं तेच वाक्य साहेबांना ऐकवलं. मंडळीनं रुमाल तोंडाला लावले. साहेबांनी पाच मिनिटांत आमेन म्हटलं. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा लोकांनी मनापासून धन्यवाद दिले.

आता जे सांगायचं ते सांगतो. ते हसत सांगता येत नाही.

आमच्याकडे कीबोर्ड वाजवणारे एक सर आले होते. तिशी-पस्तिशीचे, गोड बोलणारे, आजाऱ्याला दवाखान्यात भेटायला सगळ्यांत आधी पोचणारे. आमची क्वायर म्हणजे आधी प्रत्येक जण आपापल्या सुरात देवाला हाक मारायचा. त्यांनी सहा महिन्यांत तिला गायला लावलं. अमरावतीला चर्चांची गायन स्पर्धा होती, ढाल मिळायची चिन्हं दिसायला लागली. एका तेरा वर्षांच्या पोरीला एकटीनं गायचं कडवं होतं. सर म्हणाले, हिला जादा सराव पाहिजे, संध्याकाळी माझ्या खोलीवर पाठवा, कीबोर्ड रोज उचलून आणणं जमत नाही.

नियम होता की एकट्या मुलाला कोणाच्या घरी पाठवायचं नाही. बाई असत्या तर टेबल वाजलं असतं. पण लेकीच्या बाळंतपणाला त्या दीड महिना अमरावतीला होत्या. आम्ही मीटिंग घेतली. पोरीचा बाप स्वतः क्वायरमध्ये, त्याला लेकीचा अभिमान. ठराव झाला, 'स्पर्धेपुरती सवलत देण्यात येत आहे.' रजिस्टरमध्ये तो मी लिहिला. खाली माझी सही.

ढाल आली. हारतुरे झाले, फोटो झाले. पोरगी फोटोत नव्हती. पोट दुखतं म्हणाली. मग क्वायरला येईना, मग संडे स्कूललाही येईना. आम्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही. बाई परत आल्या, नातवाचे लाडू वाटले, बोटांवर पोरं मोजली आणि एक कमी भरली.

त्या दुपारीच त्या पोरीच्या घरी गेल्या. तिची आई मला नंतर सांगत होती, बाईंनी काही विचारलं नाही. ओट्यावर वाटाणा सोलायला घेतला, पोरगीही येऊन सोलायला बसली. अर्धी परात झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. तिचं नावही लिहिणार नाही. कायद्यानं लिहिता येत नाही, आणि कायदा नसता तरी बाईंनी माझा कान धरला असता.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्याआधी ज्यांचं एकमेकांशी बिनसलंय त्यांना आतल्या खोलीत बोलावून, प्रार्थना करून, हातात हात देऊन समेट घडवायचा. मनात किल्मिष ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही. रीत चांगली आहे. भावाभावांची शेतीची भांडणं तिनं मिटवलेली मी पाहिलीत. आणि त्या दिवशी आम्हा शहाण्यांना तीच आठवली. येता रविवार महिन्याचा पहिला. सर क्षमा मागतील, पोरगी क्षमा करील, दोघं हातात हात देतील, चर्चचं नाव राहील. पाळकसाहेब खाली बघत होते. पोरीचा बाप मान डोलावत होता. मी पेनचं टोपण काढून ठराव लिहायला घेतला होता. लाज वाटते, पण घेतला होता.

बाईंनी टेबल वाजवलं. एक टक.

"ज्या हाताची तिले भीती वाटते, तो हात तुमी तिच्या हातात देता?" आवाज चढला नाही त्यांचा. "भांडन झालं का त्या दोघाइचं? तिनं काय केलं, का तिनं समेट करावा?"

कोणीतरी म्हणालं, बाई, बदनामी कोणाची होईल याचा विचार करा. पोरीचीही होईल.

"कायदा म्हनते ज्याले समजलं त्यानं पोलिसाले सांगा लागते. तुमीच मले थो कागद देल्ला, सेक्रेटरी साहेब. मी वाचला." राग आला की त्या मला साहेब म्हणत. मग त्या दाराशी बसलेल्या पोरीच्या आईकडे वळल्या. "चाल, बाई. पोरीले संगं घे. मी हावो."

टेबलावर दोन टक झाले आणि त्या दोघी पोरीला घेऊन ठाण्यावर गेल्या. आम्ही बसलो होतो, समोर आलुबोंडे थंड होत होते.

गुन्हा नोंदला गेला, सरांना अटक झाली, आणि मंडळी दुभंगली. चर्चची अब्रू चावडीवर नेली म्हणून अर्ध्या लोकांनी बाईंशी बोलणं टाकलं. त्यांच्या बाकावर कोणी बसेना. मीही बसलो नाही. त्यातच पोलिसांना ते ठरावाचं रजिस्टर हवं होतं, कारण पोरीला त्या खोलीवर आम्हीच पाठवलं याचा तो पुरावा होता. बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, सापडत नाही. ते माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होतं. मला नोकरीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत होतं की पोरीची काही समजूत चुकली असेल. इतका चांगला माणूस.

दुसऱ्या रविवारी कोणीतरी उभं राहून प्रार्थना केली, आमच्या बंधूला खोट्या आरोपातून सोडव. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडले. मागं वळून पाहिलं तर बाई नेहमीच्या जागी होत्या, आणि बोटांवर पोरं मोजत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटत होतं त्या माझ्यावर चिडून असतील, माझा विचार करत असतील. त्यांना त्यासाठी वेळच नव्हता. त्या आपलं काम करत होत्या.

सोमवारी मी रजिस्टर बाईंच्या घरी नेऊन दिलं. बाई म्हणाल्या, "चहा घ्या, भाऊ." मी घेतला. पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी कोणाला न विचारता ऑफिसच्या दाराला काच बसवून घेतली.

पोरीची साक्ष लागली ती दीड वर्षानं. हिवाळ्याचे दिवस, अकोल्याच्या कोर्टाच्या आवारात ऊन खात मी आणि बाई उभे होतो. दोघंही साक्षीदार, म्हणून पोरीसोबत आत जाता येत नव्हतं. तिची आई तिच्याबरोबर होती. आयुष्यभर गाड्यांची वाट पाहिलेली बाई, पण त्या दिवशी त्यांना उभं राहवेना. पायरीवर बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. "तिले पानी देल्लं असन ना?" हे त्यांनी मला चारदा विचारलं. मला काय माहीत. चारही वेळा मी हो म्हटलं.

दीड तासानं पोरगी बाहेर आली. उंच झाली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. सरळ बाईंजवळ आली आणि म्हणाली, "आजी, भूक लागली."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पोरगी आत नीट बोलली, अशी आईनं खूण केली. मग आम्ही समोरच्या गाडीवर गेलो आणि कचोऱ्या मागवल्या. पोरीनं पहिली कचोरी गपगप संपवली आणि तोंड पुसत म्हणाली, "आजी, तुमाले कवा खरं वाटलं?"

"तू सांगतलं तवा."

"तवाच?"

"मंग कवा?"

तिनं मान डोलावली आणि माझ्याकडे वळली. "अन काका, तुमाले?"

गाडीवाला कढईत झारा फिरवत होता. मला काहीतरी थाप मारता आली असती. पण बाई बाजूला उभ्या होत्या, आणि ही पोर आत्ताच दीड तास खरं बोलून आली होती.

"मला दोन आठवडे लागले," मी म्हटलं.

तिनं बोटाला लागलेली चटणी चाटली.

"माह्या बाबाले तीन लागले," ती म्हणाली आणि दुसरी कचोरी उचलली.

तिची आई दुसरीकडे बघायला लागली. मार्थाबाईंनी आपल्या प्लेटमधली कचोरीही तिच्यापुढं सरकवली, तिच्या ओढणीचं टोक चटणीत जात होतं ते उचलून तिच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "खाय. थंडी होऊन राहिली."